वारेपलीकडं काय पोचलं?

डॉक्टर,

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले आणि माझं तुमच्याशी भांडण अजून चालूच आहे. काल मागच्या आळीतल्या शेवंताची म्हैस व्याली. तिनं तांब्याभर चीक आणून दिला. मी गूळ किसला, वेलदोडे काढले, स्टोव्हला पंप मारला आणि तेवढ्यात तुम्ही दारात उभे आहात असं वाटलं. "बाई, पैल्या दिवसाचा चीक त्या रेडकाचा हाय. तुमचा न्हाई." मी स्टोव्ह बंद केला आणि तांब्या परत घेऊन गेले. शेवंता हसायला लागली. म्हणाली, "आवं बाई, डॉक्टर गेलं की आता. खावा बिनघोर." मग मात्र मला रडू आवरेना, तिच्याच गोठ्यात, त्या म्हशीसमोर.

गावातल्या लोकांना वाटायचं, डॉक्टर जैन आहेत, म्हणून दयाळू आहेत, वासराच्या तोंडचं काढू देत नाहीत. तुम्हीही कधी खुलासा केला नाहीत. खरं कारण तुम्ही मला सांगितलंत, तेही मी खरवसाची वाटी पदराखाली लपवताना सापडले म्हणून. गायी-म्हशीच्या पोटातून वासरू रिकामं येतं, म्हणालात. आईच्या रक्तात रोगांशी लढणाऱ्या ज्या ॲंटिबॉडी असतात, त्यातलं त्याला पोटात काहीच मिळत नाही. वार, पोटात नाळ जिला जोडलेली असते ती, ते पलीकडं जाऊ देत नाही. जे काही मिळायचं ते चिकातून, आणि तेही पहिल्या काही तासांत. नंतर वासराचं आतडं ते रक्तात घेत नाही. "तुमी खरवस खाता आन वासरू हगवणीनं मरतंय. मग मालक मलाच शिव्या देतोय," असं म्हणून तुम्ही चहा न घेता निघून गेलात. खरवस मी सोडला नाही, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवसापासून तो पहिल्यासारखा गोड लागला नाही.

मी मेढ्याच्या डोंगरातली, तुम्ही सांगलीकडचे, उसातले. दोघांच्याही नशिबी वडूजजवळचं हे कोरडं गाव आलं. तुमचा जनावरांचा दवाखाना आणि माझं उपकेंद्र, मध्ये एक भिंत. तुमच्याकडं गायी हंबरायच्या, माझ्याकडं पोरं रडायची, आणि परगावचा माणूस हमखास चुकीच्या दारात शिरायचा. एकदा एक म्हातारा आपला बैल माझ्या उंबऱ्यापर्यंत घेऊन आला होता आणि तुम्ही पलीकडून ओरडला होतात, "बाई, तपासा की, तुमाला काय अवघड हाय!" मी तेव्हा रागावले होते. रागवायला मला कारण लागायचं नाही आणि घाबरायला तर त्याहून नाही. कुणाची कळ जरा लांबली, कुणाच्या पोराला जरा कसर आली, की मी भिंतीपलीकडून तुम्हाला हाक मारायची. तुम्ही यायचात, हात बांधून उभे राहायचात, आणि म्हणायचात, "मला माणसातलं कळत न्हाई, पर तुमी घाबरलाय एवढं कळतंय." तेवढ्यानं माझं काम निम्मं व्हायचं.

पण माझी भीती काही हवेतली नव्हती, डॉक्टर. ती मी या गावात येताच शिकले होते. भागूबाई सुईण नाळ कापायची ती चुलीमागच्या विळ्यानं, आणि बेंबीवर गोवरीची राख दाबून बसवायची. पाचवीच्या पूजेपर्यंत पोर चांगलं अंगावर प्यायचं. मग सहाव्या-सातव्या दिवशी त्याचं तोंडच उघडायचं नाही. जबडा आवळलेला, पाठ कमानीसारखी, हात लावला तरी झटका. लोक म्हणायचे, सटवाईनं नेलं. मी म्हणायची, धनुर्वात. दोन्हीत पोर जायचंच. माझ्या पहिल्या वर्षात अशी किती गेली ते मी वहीत लिहायचं सोडून दिलं होतं.

म्हणून आणीबाणीच्या साली गरोदर बायांना धनुर्वाताची दोन इंजेक्शनं द्यायची असा हुकूम आला, तेव्हा मला वाटलं, आता आपण जिंकलो. एक सातव्या महिन्यात, दुसरं महिन्यानंतर. आईला टोचायचं म्हणजे पोर वाचतं. कसं वाचतं, ते आम्हाला शिकवताना कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. ते विचारलंत तुम्ही.

सुनंदा तेव्हा पहिल्या बाळंतपणाला तुमच्याकडं आली होती. तिची आई तर लवकर गेलेली, त्यामुळं माहेर म्हणजे तुम्ही एकटे. तुम्ही लेकीसाठी दोन उशा आणल्यात, डिंकाचे लाडू करून घेतलेत, आणि माझ्या सुईला मात्र नाही म्हणालात. "आईला टोचून पोराला काय मिळायचं? ॲंटिबॉडी हुतील, पर त्या आईच्या रक्तात. वार मधी हाय की. पोर रिकामंच येणार." मी म्हणाले, बाईची वार वेगळी असेल. "असंल म्हंजे? पुरावा दावा." पुरावा माझ्याकडं नव्हता. मी म्हणाले, तुम्ही गायींचे डॉक्टर आहात, गायींपुरतं बोला. तुम्हाला ते लागलं. तुम्ही आत जाऊन सुनंदाला म्हणालात, "घे बाई, नर्सबाईंचं समाधान हुंदे." असं ते पहिलं इंजेक्शन झालं, तुमच्या स्वयंपाकघरात, पोळपाटाशेजारी बसून.

पण तुम्ही माझ्यासारखे नव्हतात, वाद जिंकून गप्प बसणारे. तुम्ही मुंबईला तुमच्या जुन्या मास्तरांना पत्र टाकलंत. तीन आठवड्यांनी उत्तर आलं तेव्हा तुम्ही जेवत होतात. तुमचा दिवस मावळायच्या आत जेवायचा नेम, तो पूर्ण करायच्या आधीच उष्ट्या हातानं भिंत ओलांडून आलात. "बाई, तुमी बरोबर हाय. आन मीबी बरोबर हाय." मग पायरीवर बसून पत्र वाचून दाखवलंत. गायीच्या वारेत आणि गर्भाशयात पडद्यांवर पडदे असतात, त्यातून ही मोठी द्रव्यं जात नाहीत. बाईच्या वारेचे झुबके थेट आईच्या रक्तात बुडालेले असतात. आणि नुसतं झिरपतं असंही नाही. वार त्या ॲंटिबॉडी निवडून धरते आणि पलीकडं पोराच्या रक्तात सोडते. शेवटच्या दोन महिन्यांत सगळ्यात जास्त. पोर जन्मतं ते आईची शिदोरी घेऊनच. तुम्ही ते वाक्य दोनदा वाचलंत. मला म्हणालात, "म्हंजे हिच्या आईला तिच्या बालपणी देवी टोचल्या असतील, त्येचं काय तरी माझ्या सुनंदाकडं आलं असंल, बगा." आणि तुम्ही बायकोचं नाव घेतलंत. तुमच्या तोंडून ते मी पहिल्यांदा ऐकलं, आणि शेवटचं. त्या संध्याकाळबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. एवढ्या शिकलेल्या माणसानं एका नर्सला येऊन सांगावं, तुम्ही बरोबर होता, हे माझ्या सगळ्या नोकरीत एकदाच घडलं.

मग ते थर्मासाचं प्रकरण. आता हसू येतं, पण तेव्हा मी आठ दिवस झोपले नव्हते. माझ्याकडं औषध गार ठेवायला काही नव्हतं, आणि तुमच्याकडं साताऱ्याहून रोज एस.टी.नं रुंद तोंडाचा थर्मास यायचा, बर्फात बुडवलेल्या नळ्यांत जर्सी वळूचं बीज. तुम्ही म्हणालात, तुमच्या कुप्याबी ठेवा त्यात, जागा हाय. ठेवल्या. भागूबाईनं मला त्यातून कुपी काढताना पाहिलं. झालं. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर एकच विषय. "आवं, गायीला देत्यात त्येच बाईला देतीया! जर्सी पोरं हुत्याल!" कुणी म्हणालं शिंगं येतील, कुणी म्हणालं, न्हाई गं, ही सरकारची युक्ती, सुईतनं नसबंदी करत्यात. माझ्या दाराकडं एक बाई फिरकेना. तुम्ही मांडीवर थाप मारून हसत होतात. मी तुमच्यावर भडकले: तुमच्या गायी उठल्यात माझ्या बायांच्या जिवावर!

तेव्हा तुम्ही हसायचं थांबलात. म्हणालात, "बुधवारी शाळंच्या पडवीत सगळ्यांना बोलवा. सुनंदाची दुसरी सुई तिथं देऊ. सगळ्यांच्या म्होरं."

आता जे सांगायचं ते मी तुम्हाला तीन वर्षांत सांगितलं नाही. त्या बुधवारी सकाळी मी वडूजला जाऊन नवी कुपी घेतली. तुमचा थर्मास तिथल्या स्टँडवर कंडक्टरनं माझ्याच हातात दिला. गाडी वाटेत बंद पडली होती, बर्फाचं पाणी झालं होतं. मी घाबरले. आज औषध खराब झालं तर पडवीत काय तोंड दाखवू? बाजारात कुल्फीवाला होता. त्याच्याकडून बर्फ भरून घेतला. तो म्हणाला, "मीठ टाका बाई, लय टिकतंय." मी मूठभर मीठ टाकलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन गाडीत बसले. गावात येऊन झाकण काढलं तर कुपीत काचेसारखा बर्फ. मला वाटलं, एवढं गार, म्हणजे एवढं चांगलं. मुठीत धरून विरघळवलं. आत पिठाच्या कण्यांसारखं काहीतरी खाली बसत होतं. मी खूप हलवलं, मिसळून गेलं.

पडवीत सगळं गाव. तुम्ही पुढं झालात. "माझीच लेक हाय ही. वळूचं असतं तर मी हिला टोचू दिलं असतं व्हय?" सुनंदानं बाही वर केली. तिला टोचलं आणि मग तिच्या मागून चौघीजणी आल्या. पाचही जणींना त्याच कुपीतून. भागूबाई तोंड वाकडं करून निघून गेली. तुम्ही मला डोळ्यांनीच विचारलंत, झालं ना? मी मान हलवली. मला इतकं हलकं वाटलं होतं त्या दिवशी.

जेमतेम तीन आठवडे गेले आणि सुनंदा दिवसांच्या आधीच बाळंत झाली. मी वडूजला मीटिंगला, तुम्ही लांबच्या वस्तीवर अडलेलं वासरू ओढायला. भागूबाईनं केलं तिला येत होतं तसं: विळा, गोवरीची राख. मी दुपारच्या गाडीनं आले तेव्हा पोर आंघोळ घालून गुंडाळलेलं. मी बेंबी उघडली, राख पाहिली. धुतलं, पुसलं, औषध लावलं. तुम्ही मागून आलात, तुमच्या हाताला अजून वासराचा चिकटा होता. पोराकडं वाकून बघितलंत. मग म्हणालात, "अंगावर लावलं का? पैलं दूध टाकू देऊ नका." बाकीच्या घरांत ते पिवळं दूध पिळून टाकायचे. सुनंदाच्या पोरानं ते पहिल्या तासात प्यायलं, ते तुमच्यामुळं.

पुढचे दिवस मला विसरता येत नाहीत. तुम्ही टांग्याच्या घोड्याचा धनुर्वात पाहिलेला होता. ताठलेले कान, आवळलेला जबडा, उभी शेपटी, हे सगळं तुम्ही मला पूर्वी वर्णन करून सांगितलं होतंत. आता त्यातलं तुम्ही एक अक्षर काढत नव्हतात. रोज सकाळी भिंतीपलीकडून एवढंच, "चोखतंय का?" मी जायची, हात धुऊन करंगळी पोराच्या तोंडात द्यायची. चोखलं की सांगायची, चोखतंय. दुपारी परत. संध्याकाळी परत. सुनंदाला वाटायचं, बाईंना नातू असल्यासारखं वेड लागलंय. तिला आम्ही काही सांगितलं नव्हतं.

चौथ्या दिवशी तुम्ही म्हणालात, साताऱ्याला नेऊ. तिथं तयार ॲंटिबॉडीचं सीरम मिळतं, ते टोचून घेऊ. "माझ्या कपाटात घोड्याला द्यायचं हाय, पर ते देणार न्हाई मी, भ्या वाटतंय." आणि मी, जन्माची घाबरट, त्या दिवशी कधी नव्हे ती धीट झाले. म्हणाले, चार दिवसांचं पोर, ओली बाळंतीण, खडखडाटी गाडीतून कुठं नेता? तिची दोन्ही इंजेक्शनं झालीत. तुमच्याच मास्तरांनी लिहिलंय ना, वारेतून जातं म्हणून? पोचलंय त्याच्यात. तुम्ही विचारलंत, "नक्की पोचलं असंल?" मी म्हणाले, नक्की. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. उपरणं खांद्यावरून काढून परत खुंटीला लावलंत. डॉक्टर, तो तुमचा हात आणि ती खुंटी मला अजून दिसते.

पोर वाचलं. पाचवी झाली, सातवा गेला, दहावा गेला, बेंबी सुकली. बाराव्या दिवशी अजित नाव ठेवलं आणि तुम्ही गावात पेढे वाटलेत. तेव्हापासून तुम्ही माझ्या सुईचे प्रचारकच झालात. गाय भरवायला आलेल्या माणसाला विचारायचात, घरात कोण गरवार हाय का? मग वार काढून दाखवावी तसं हातानं दाखवायचात, आईचं रक्त इकडं, पोर तिकडं. शेवटी अजितला कडेवर घेऊन म्हणायचात, "ह्यो बगा पुरावा. राखंची बेंबी हुती ह्येची." बायका यायला लागल्या. पुढच्या दोन वर्षांत गावात सटवाईनं नेलेलं एकच पोर ऐकलं, तेही ज्या बाईनं एकही सुई घेतली नव्हती तिचं.

आणि त्याच काळात तुमची दुसरी कटकट चालू होती. त्या बुधवारच्या थर्मासातून भरवलेल्या सगळ्या गायी उलटल्या. एकही गाभण राहिली नाही. तुम्ही साताऱ्याला रागावून पत्र लिहिलंत, तुमचा वळू म्हातारा झालाय, बदला. मीच ते पत्र पेटीत टाकलं.

मग मला साताऱ्याला प्रशिक्षणाला बोलावलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोन कुप्या फळ्यापुढं धरल्या. एक चांगली, एक गोठून विरघळलेली. दुसरीत पिठाच्या कण्या भराभर खाली बसत होत्या. म्हणाल्या, धनुर्वाताची लस गोठली की वाया गेली. हलवून उपयोग नाही. बर्फात मीठ तर कधीही घालू नका. बाकीच्या बायका लिहून घेत होत्या. माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली. मला तुमच्या गायी आठवल्या. मूठभर मिठानं त्यांचंही बीज मारलं होतं आणि बिचाऱ्या वळूवर आळ आला होता.

म्हणजे सुनंदाला धड मिळालं होतं ते पहिलं एकच. एकानं कितीसं होतं? अजित वाचला तो त्या विळ्यावर, त्या राखेत धनुर्वाताचे जंतू नव्हते म्हणून, की मी बेंबी लगेच धुतली म्हणून, की नुसत्या दैवानं, हे मला आजही माहीत नाही. आणि ज्या दिवशी साताऱ्याला न्यायला हवं होतं त्या दिवशी मी "नक्की" म्हणाले होते.

परत आले ती तुम्हाला सांगायचंच म्हणून. एस.टी.त वाक्यं जुळवत आले. दवाखान्यासमोर उतरले तर पारावर सहा गरवार बाया बसलेल्या आणि तुम्ही मध्ये उभे, अजितची गोष्ट सांगताय. मला पाहून म्हणालात, "ह्या बगा आल्या बाई. बसा, बाह्या वर करा." मी पिशवी ठेवली, सुया उकळायला टाकल्या. त्या दिवशी सांगितलं असतं तर त्या सहाजणी उठून गेल्या असत्या. दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं तर? तिसऱ्या? मी कारण शोधत राहिले आणि ते रोज सापडत गेलं. तुमचा पुरावा खोटा होता आणि तुमचं म्हणणं खरं होतं, आता यातलं काय कुठून उसवायचं? त्या कुपीतल्या उरलेल्या चौघींच्या घरी मात्र मी काहीतरी निमित्त काढून जाऊन आले. तीन पोरं अंगणात खेळत होती. चौथं घर गाव सोडून कऱ्हाडकडं गेलंय म्हणाले. त्या पोराचं काय झालं, मला कळलेलं नाही. अजून कऱ्हाडचं कुणी भेटलं की विचारते.

मग तुम्ही निवृत्त होऊन गावाकडं गेलात. जाताना म्हणालात, "बाई, सांगलीकडं आला की या. वाद घालायला कोण न्हाई तिकडं." मी आले नाही. आले ती गेल्या सोमवारी, तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी.

सोप्यात पुरुष बसलेले, आत बायका. सुनंदा मागच्या दारी एकटी होती. तिला सहावा महिना आहे, डॉक्टर, हे तुम्हाला माहीत असणारच. माझ्या गळ्यात पडून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "बाई, ह्या वेळंला सुई न्हाई घेणार मी. आण्णा म्हणायचे, तुझं काम झालंय, रक्तात हाय ते, पोराला आपसूक पोचतंय. आन सासूबाईंना तर पैल्यापासनं पटत न्हाई."

तुम्ही असं सांगितलं होतंत तिला? तुमच्यासारख्या माणसानं? दोन्ही नीट झाली असती तरी या खेपेला एक घ्यावंच लागतं. मी तेवढंच सांगून सुटू शकले असते. सरकारी नियम आहे, एक घे, असं म्हटलं असतं तर तिनं माझ्यासाठी घेतलंही असतं. पण एक पुरणार नव्हतं. तिला नव्यानं दोन्ही हवी होती, आणि तिकडची नर्स कार्डावरच्या दोन खुणा बघून एकच देणार. पोटातलं पोर माझ्या एका वाक्यावर अडलेलं, आणि तुमच्या घरात अजून तुमचे कपडे दोरीवर.

तरी सांगितलं. कुल्फीवाला, मीठ, गोठलेली कुपी, सगळं. अजित पलीकडं उसाचं कांडं सोलत बसला होता, ती त्याच्याकडं बघत ऐकत होती.

"म्हंजे आण्णा साताऱ्याला न्यायचं म्हणत हुते," ती म्हणाली, "तवा तुमी नगं म्हणालात."

"व्हय."

"आन त्या सुईत काय नव्हतं."

"बहुतेक न्हाईच."

"आन ह्ये तुमाला कवा कळलं?"

"वर्ष झालं."

मला वाटलं ती ओरडेल, मला हाकलून देईल. मी त्यालाही तयार होते. तिनं पदर खोचला, पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "दोन्ही घेते. उद्याच सांगलीला जाऊन घेते. पर तुमच्या हातनं न्हाई." मी बरं म्हणाले. मी पिशवी उचलली, चपला शोधायला लागले. ती मागून आली, माझा दंड धरला आणि अगदी खालच्या आवाजात, सोप्यातल्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून, म्हणाली:

"बाई, यातलं आण्णांच्या कानावर काय घालू नका. गावभर सांगत हिंडल्यात ते. लय जिवाला लागंल त्येंच्या."

मी म्हणाले, "न्हाई घालत."

तिनं समाधानानं मान हलवली. मग दोरीवरच्या आण्णांच्या कपड्यांकडं तिची नजर गेली आणि तिचा हात हळूहळू तोंडाकडं गेला.

डॉक्टर, मी तिला शब्द दिला होता. तो मला सहा दिवससुद्धा पाळता आला नाही.